संत जॉन नेपोमुक

संत जॉन नेपोमुक (चेक: यान नेपोमुत्स्की, जन्म: इ.स. १३४५ च्या सुमारास, पोमुक, मृत्यू: २० मार्च १३९३, प्राग) हे बोहेमियातील एक कॅथलिक धर्मगुरू, धर्मशास्त्रीय कायद्याचे पंडित आणि प्रागच्या आर्चबिशपांचे व्हिकार-जनरल, म्हणजे मुख्य प्रशासकीय प्रतिनिधी होते. बोहेमियाचा राजा वात्स्लाव चौथा याच्या आज्ञेवरून त्यांचा छळ करण्यात आला आणि त्यांचे शरीर प्रागच्या दगडी पुलावरून व्ल्तावा नदीत टाकण्यात आले. राणीने पापनिवेदनात सांगितलेले गुपित त्यांनी राजाला सांगितले नाही म्हणून त्यांना प्राणास मुकावे लागले, अशी आख्यायिका आहे. ते जगप्रसिद्ध झाले ते या आख्यायिकेमुळे. त्यांच्या हयातीतील कागदपत्रांत मात्र मृत्यूचे कारण निराळेच आढळते. इ.स. १७२९ मध्ये त्यांना संतपद देण्यात आले. पूल, नावाडी, पुरापासून रक्षण आणि पापनिवेदनाची गुप्तता यांचे ते आश्रयदाते संत मानले जातात. १६ मे हा त्यांचा स्मरणदिन होय.

जन्म व शिक्षण

पश्चिम बोहेमियातील पोमुक या लहानशा वस्तीत त्यांचा जन्म झाला. या गावालाच पुढे नेपोमुक हे नाव रूढ झाले. गावाजवळ झेलेना होरा (हिरवी टेकडी) नावाची टेकडी असून तिच्या पायथ्याशी सिस्टर्शियन पंथाचा मठ होता. वडील वेल्फ्लीन हे गावचे न्यायाधिकारी होते. बालपणाविषयी पुढील काळात पुष्कळ चमत्कारकथा रचल्या गेल्या. त्यांना समकालीन आधार नाही.

त्यांच्या आयुष्याचा खात्रीचा भाग सुरू होतो तो कागदपत्रांपासून. इ.स. १३७० च्या सुमारास ते प्रागच्या आर्चबिशपांच्या कचेरीत नोटरी म्हणून काम करताना दिसतात. दस्तऐवज लिहिणे, साक्षांकित करणे, नेमणुकांच्या नोंदी ठेवणे हे त्यांचे काम. इ.स. १३८० मध्ये ते प्रागच्या जुन्या शहरातील संत हावेल यांच्या चर्चचे धर्मगुरू झाले. प्राग विद्यापीठात कायद्याचे शिक्षण घेतल्यावर ते इटलीतील पादुआ येथे गेले आणि इ.स. १३८७ मध्ये तेथून धर्मशास्त्रीय कायद्याची डॉक्टरेट मिळवून परतले. इ.स. १३८९ मध्ये आर्चबिशप यान येन्श्टेयन यांनी त्यांना व्हिकार-जनरल नेमले. त्याच सुमारास विशेहराद येथील धर्ममंडळाचे सदस्यत्व (कॅननपद) आणि पुढच्या वर्षी झातेत्स येथील आर्चडीकनचे पद त्यांच्याकडे आले.

या साऱ्या तपशिलातून उभे राहणारे चित्र तपस्व्याचे किंवा प्रवचनकाराचे नाही. ते एका कसलेल्या, कायदा जाणणाऱ्या आणि वरिष्ठांच्या विश्वासातील अधिकाऱ्याचे आहे. त्यांचे एकही प्रवचन वा भक्तिपर लेखन प्रसिद्ध नाही. ही गोष्ट ध्यानात ठेवली तरच पुढील घटनांचा अर्थ नीट लागतो.

राजा आणि आर्चबिशप

बोहेमियाचा राजा व पवित्र रोमन सम्राट चौथा चार्ल्स इ.स. १३७८ मध्ये मरण पावला आणि त्याचा मुलगा वात्स्लाव चौथा गादीवर आला. वडिलांनी विद्यापीठ, कॅथेड्रल, दगडी पूल यांनी प्राग नगरीला वैभव आणले होते. मुलाला तो राज्यभार पेलला नाही. शिकारीची आवड, अतिरिक्त मद्यपान आणि अनावर राग यांबद्दल त्याच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यांतील काही भाग विरोधकांनी रंगवलेला असला तरी राग अनावर होत असे, हे प्रस्तुत प्रकरणातही दिसते. इ.स. १४०० मध्ये जर्मन राजपुत्रांनी त्याला जर्मनीच्या राजपदावरून दूर केले.

हा काळ चर्चमधील महाफुटीचा होता. एक पोप रोममध्ये आणि दुसरा आव्हिन्योंमध्ये, आणि दोघेही स्वतःला खरा पोप म्हणवणारे. अशा वेळी प्रत्येक राजाला आपल्या राज्यातील चर्चवर अधिक ताबा हवा असे. आर्चबिशप येन्श्टेयन हे एके काळी राजाचे चॅन्सेलर होते. पुढे त्यांचे आणि राजाचे बिनसले. स्वभावाने ते करारी होते आणि चर्चच्या हक्कांबाबत तडजोड करण्यास तयार नव्हते. जमिनी, न्यायाधिकार, नेमणुका अशा अनेक मुद्द्यांवर दोघांत वर्षानुवर्षे खटके उडत राहिले. राजाचा एक उच्च अधिकारी झिक्मुंट हुलेर याच्याशीही धर्मपीठाच्या न्यायालयाचा संघर्ष चालू होता.

शेवटची ठिणगी पडली ती क्लाद्रुबी येथील मठावरून. पश्चिम बोहेमियातील हा बेनेडिक्टाइन मठ अतिशय श्रीमंत होता. वृद्ध मठाधिपती रात्सेक यांच्या मृत्यूनंतर ती जागा न भरता मठाच्या उत्पन्नावर एक नवा धर्मप्रांत स्थापावा आणि तेथे आपल्या मर्जीतील बिशप बसवावा, असा राजाचा बेत होता. तो साधला असता तर प्रागच्या आर्चबिशपांचे क्षेत्र आणि बळ दोन्ही घटले असते. परंतु इ.स. १३९३ च्या आरंभी रात्सेक वारले, तेव्हा मठवासीयांनी तत्परतेने ओलेन नावाच्या साधूची निवड केली आणि व्हिकार-जनरल या नात्याने जॉन यांनी ती निवड कायम केली. राजाचा बेत एका मंजुरीने उधळला गेला. कायद्याच्या दृष्टीने त्या मंजुरीत दोष नव्हता. एरवी अशी नोंद दप्तरात पडून राहिली असती. येथे तिने एका माणसाचा जीव घेतला.

२० मार्च १३९३

संतापलेल्या राजाने आर्चबिशपांना प्रागला बोलावून घेतले. समेटाची बोलणी चालू असतानाच त्याचा तोल गेला. आर्चबिशप आपल्या माणसांच्या साहाय्याने निसटले. त्यांचे चार सहकारी मात्र राजाच्या हाती लागले: जॉन, धर्मपीठाचे न्यायाधिकारी मिकुलाश पुख्निक, माइसेनचे प्रोव्होस्ट वात्स्लाव क्नोब्लोख आणि आर्चबिशपांचे कारभारी न्येपर. कॅथेड्रलच्या धर्ममंडळाचे वृद्ध डीन बोहुस्लाव यांच्या डोक्यावर राजाने तलवारीच्या मुठीने प्रहार केल्याचेही नमूद आहे.

कैद्यांना जुन्या शहरात नेऊन त्यांचा छळ करण्यात आला. जळत्या मशालींनी शरीर भाजण्याच्या कामात राजा स्वतः सामील होता, असे आर्चबिशपांच्या तक्रारीत म्हटले आहे. इतरांनी छळाविषयी मौन पाळण्याची शपथ घेतली व त्यांची सुटका झाली. त्यांपैकी पुख्निक यांची पुढे इ.स. १४०२ मध्ये प्रागच्या आर्चबिशपपदासाठी निवडही झाली. परंतु पदभार घेण्यापूर्वीच ते निवर्तले. जॉन यांची अवस्था इतकी बिकट झाली होती की त्यांना सोडून देणे शक्य नव्हते. त्याच रात्री त्यांचे हातपाय बांधून मृत अथवा मरणासन्न अवस्थेतील शरीर दगडी पुलावरून नदीत टाकण्यात आले. सुमारे चार आठवड्यांनी, १७ एप्रिल रोजी, ते काठाला लागले. प्रथम नदीजवळच्या पवित्र क्रुसाच्या चर्चमध्ये त्यांचे दफन झाले आणि काही वर्षांनी त्यांच्या अस्थी प्रागच्या किल्ल्यावरील संत व्हिटस कॅथेड्रलमध्ये हलवण्यात आल्या.

आर्चबिशप येन्श्टेयन रोमला गेले आणि त्यांनी पोप नववा बोनिफेस याच्यापुढे राजाविरुद्ध सविस्तर तक्रारपत्र सादर केले. या प्रकरणाचा हाच सर्वांत महत्त्वाचा समकालीन दस्तऐवज होय. त्यात जॉन यांचा उल्लेख हुतात्मा म्हणून येतो. राणीचा किंवा पापनिवेदनाचा मात्र कोठेही नाही. पोपला फुटीच्या त्या काळात वात्स्लावचा पाठिंबा गमावणे परवडणारे नव्हते, त्यामुळे आर्चबिशपांच्या हाती काही लागले नाही. इ.स. १३९६ मध्ये त्यांनी पद सोडले आणि उर्वरित आयुष्य रोममध्ये काढले.

राणीचे गुपित

कॅथलिक पंथात श्रद्धाळू व्यक्ती धर्मगुरूजवळ आपल्या पापांची कबुली देऊन क्षमा मागते. कोकणी भाषक ख्रिस्ती यालाच कुमसार म्हणतात. धर्मगुरूने त्यात ऐकलेली गोष्ट कोणत्याही परिस्थितीत बाहेर सांगता कामा नये, असा कडक नियम आहे. आख्यायिका उभी आहे ती या नियमावर.

राजाला राणीच्या वर्तनाचा संशय होता. तिने काय कबूल केले ते सांग, असा त्याने तिच्या धर्मगुरूकडे आग्रह धरला. आधी मानमरातबाचे आमिष, मग छळ. धर्मगुरूने तोंड उघडले नाही आणि राजाने त्याला नदीत बुडवले, असा कथेचा गाभा आहे. शरीर जेथे बुडाले तेथे पाण्यावर पाच तारे चमकू लागले आणि त्यामुळे मृतदेह सापडला, असेही सांगितले जाते. ही कथा लिखित रूपात प्रथम दिसते ती पंधराव्या शतकात, म्हणजे मृत्यूनंतर काही दशकांनी. ऑस्ट्रियन इतिहासकार टोमास एबेनडॉर्फर याच्या ग्रंथात, आणि पुढे इ.स. १४७१ मध्ये पाव्हेल झीदेक याच्या लेखनात, ती आढळते. मृत्यूच्या कारणाविषयी तोंडोतोंडी चाललेल्या चर्चेतून ती जन्माला आली असावी. मठाच्या उत्पन्नाचा वाद सामान्य माणसाच्या लक्षात राहण्याजोगा नव्हता. संशयी राजा, असहाय राणी आणि मूक धर्मगुरू ही कथा कोणालाही सहज समजणारी होती.

खरा घोटाळा केला तो वात्स्लाव हायेक या इतिवृत्तकाराने. इ.स. १५४१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या चेक इतिवृत्तात त्याने एकाचे दोन जॉन केले. राणीचे पापनिवेदन ऐकणारे जॉन इ.स. १३८३ मध्ये बुडवले गेले आणि क्लाद्रुबी प्रकरणातील दुसरे जॉन इ.स. १३९३ मध्ये, अशी त्याची मांडणी होती. हायेकचे इतिवृत्त रसाळ होते, घराघरांत वाचले जाई आणि त्यातील तपशिलांची शहानिशा करण्याची प्रथा तेव्हा नव्हती. १३८३ हे वर्ष धरले तर राणी ठरते बव्हेरियाची योहाना, जी इ.स. १३८६ मध्ये वारली. खऱ्या मृत्यूच्या वेळी मात्र राजाची दुसरी पत्नी सोफिया ही राणी होती. हायेकची ही चूक पुढे सुमारे दोनशे वर्षे टिकली आणि थेट संतपदाच्या प्रक्रियेपर्यंत पोहोचली. सतराव्या शतकात जेझुइट विद्वान बोहुस्लाव बाल्बीन यांनी या सर्व सामग्रीतून जॉन यांचे लॅटिन चरित्र रचले. संतचरित्रांच्या 'आक्ता सांक्तोरुम' या प्रसिद्ध संग्रहात ते इ.स. १६८० मध्ये समाविष्ट झाले आणि आख्यायिकेला आजचे रूप मिळाले.

संतपद

जॉन यांच्या समाधीविषयी प्रागमध्ये आदर व धाक दोन्ही होते. जो कोणी समाधीवर पाय ठेवील त्याची त्याच दिवशी फजिती होते, असा लोकसमज होता. परंतु व्यापक भक्तीला बहर आला तो इ.स. १६२० मधील श्वेत पर्वताच्या लढाईनंतर. या लढाईत बोहेमियातील प्रोटेस्टंट सरदारांचा पराभव झाला आणि हाप्सबुर्ग सम्राटांनी देशाला पुन्हा कॅथलिक करण्याचे धोरण अवलंबले. जुने चेक संत वात्स्लाव, लुदमिला, व्होइत्येख यांच्या जोडीला एक नवा, जिव्हाळ्याचा संत हवा होता.

इ.स. १६८३ मध्ये, १३८३ पासून तीनशे वर्षे झाली अशा समजुतीने, दगडी पुलावर जॉन यांची ब्राँझची मूर्ती उभारण्यात आली. माटिआस राउखमिलर याच्या लहान नमुन्यावरून यान ब्रोकोफ याने मोठे लाकडी प्रारूप घडवले आणि ओतकाम न्यूर्नबर्ग येथे झाले. पुलावर आज ज्या तीस मूर्ती व शिल्पसमूह दिसतात त्यांत ही मूर्ती सर्वांत जुनी आहे. या पुलाला चार्ल्स पूल हे नाव इ.स. १८७० मध्ये मिळाले.

१५ एप्रिल १७१९ रोजी समाधी उघडण्यात आली. अस्थींबरोबर कवटीत तांबूस रंगाचा एक ऊतीचा तुकडा आढळला आणि उपस्थित वैद्यांनी तो न कुजलेली जीभ असल्याचे सांगितले. ज्या जिभेने गुपित फोडले नाही तीच सव्वातीनशे वर्षे टिकून राहिली, या कल्पनेने सारा देश भारावून गेला. इ.स. १७२५ मध्ये पुन्हा तपासणी झाली तेव्हा तो तुकडा फुगून लाल झाल्याचे नोंदवले गेले. हा आणि स्त्राकोनित्से येथे नदीत पडलेली एक लहान मुलगी वाचली तो, असे काही प्रसंग चमत्कार म्हणून पुढे ठेवण्यात आले. पोप तेरावा इनोसंट याने ३१ मे १७२१ रोजी जॉन यांना धन्यपद दिले आणि पोप तेरावा बेनेडिक्ट याने १९ मार्च १७२९ रोजी संतपद. प्रागमधील त्या वर्षीचे सोहळे दीर्घकाळ चालले.

मूर्ती, मंदिरे आणि उत्सव

जॉन यांची मूर्ती ओळखणे सोपे आहे. कॅननचा झगा, खांद्यावर फरचे आवरण, हातात क्रूस आणि हुतात्म्याचे ताडपत्र, आणि मस्तकाभोवती पाच तारे. काही मूर्तींत ओठांवर बोट ठेवलेले असते. ताऱ्यांचे वलय कॅथलिक चित्रपरंपरेत मुख्यतः मरियेला असते. त्याखेरीज ते ठळकपणे दिसते ते याच संताच्या मस्तकाभोवती.

संत व्हिटस कॅथेड्रलमधील त्यांची चांदीची समाधी इ.स. १७३३ ते १७३६ या काळात घडवण्यात आली. तिचा आराखडा योसेफ एमानुएल फिशर फॉन एर्लाख याचा, नमुने आंतोनियो कोराडिनी याचे आणि घडणावळ व्हिएन्नाचा सोनार योहान योसेफ वुर्ट याची. तिच्यासाठी सुमारे दोन टन चांदी लागली.

कलादृष्ट्या याहून श्रेष्ठ म्हणावे असे स्मारक मोराव्हियाच्या सीमेजवळ झ्द्यार नाद साझावोउ येथे आहे. तेथील सिस्टर्शियन मठाधिपती वात्स्लाव व्हेयम्लुवा यांनी, समाधी उघडल्याचे वृत्त येताच, वास्तुविशारद यान ब्लाझेय सांतिनी-आइखेल याला यात्रास्थान बांधण्यास सांगितले. झ्द्यारच्या मठाचे मूळ नेपोमुकच्या मठात होते, म्हणून या टेकडीलाही झेलेना होरा असेच नाव देण्यात आले. इ.स. १७२२ मध्ये प्रतिष्ठापना झालेल्या या चर्चचा पाया पाच टोकांच्या ताऱ्याचा आहे. पाच प्रवेशद्वारे, पाच वेद्या, आणि जिभेच्या आकाराची आठवण देणाऱ्या टोकदार खिडक्या, असा सारा हिशेब आख्यायिकेतून काढलेला आहे. गॉथिक आणि बरोक शैलींचा असा मिलाफ क्वचितच पाहावयास मिळतो. इ.स. १९९४ मध्ये युनेस्कोने या स्थानाचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. ज्या कथेचा इतिहास म्हणून टिकाव लागला नाही, तिने एवढी अस्सल वास्तू निर्माण करावी, हे नवलच.

संतपदानंतर ही भक्ती बोहेमियाच्या सीमा ओलांडून ऑस्ट्रिया, बव्हेरिया, पोलंड, हंगेरी येथे वेगाने पसरली. मध्य युरोपातील गावोगावच्या पुलांवर आणि नदीकाठी त्यांच्या मूर्ती उभ्या राहिल्या. जेझुइटांनी इ.स. १७३२ मध्ये त्यांना आपल्या संघाचे दुसरे आश्रयदाते मानले आणि धर्मप्रसारकांबरोबर हे नाव स्पॅनिश अमेरिका व फिलिपिन्सपर्यंत गेले. निंदानालस्तीपासून रक्षण करणारा संत म्हणूनही त्यांची प्रार्थना केली जाई. नेपोमुक हे नाव मुलांना ठेवण्याची चाल इतकी रूढ झाली की संगीतकार योहान नेपोमुक हुमेल, नाटककार योहान नेपोमुक नेस्ट्रॉय आणि फिलाडेल्फियाचे बिशप संत जॉन नेपोम्युसिन न्यूमन अशी ठळक उदाहरणे सहज सापडतात.

हस की नेपोमुक?

प्रबोधनकाळात आख्यायिकेची चिकित्सा सुरू झाली. इ.स. १७८० च्या दशकात योसेफ दोब्रोव्स्की यांनी कागदपत्रांच्या आधारे एकच जॉन होते व ते इ.स. १३९३ मध्ये वारले असा पक्ष मांडला, तर इतिहासकार गेलासियस डोबनर यांनी परंपरागत कथेची बाजू घेतली. एकोणिसाव्या शतकात वाद विद्वानांपुरता राहिला नाही. इ.स. १४१५ मध्ये जाळले गेलेले धर्मसुधारक जॉन हस (यान हुस) हे चेक राष्ट्रवाद्यांचे आदर्श होते. लोकांच्या मनातून हस यांची स्मृती पुसण्यासाठीच जेझुइटांनी दुसरा जॉन पुढे आणला, असा आरोप होऊ लागला. जर्मन इतिहासकार ओटो आबेल याने इ.स. १८५५ मध्ये त्याची शास्त्रीय मांडणी केली. हस यांच्या मूर्तीच थोड्या बदलून नेपोमुकच्या केल्या, असेही लोक म्हणू लागले. त्याला पुरावा मिळालेला नाही. आलोइस यिरासेक यांच्या 'तेम्नो' (अंधार) या गाजलेल्या कादंबरीचा शेवट संतपदाच्या सोहळ्यांच्या पार्श्वभूमीवर होतो, आणि शीर्षकावरूनच लेखकाचा दृष्टिकोन कळतो.

चेकोस्लोव्हाकिया स्वतंत्र झाल्यावर काही दिवसांतच, ३ नोव्हेंबर १९१८ रोजी, प्रागच्या जुन्या चौकातील मरियेचा स्तंभ जमावाने पाडला. पुलावरील नेपोमुकची मूर्तीही नदीत ढकलण्याचा बेत होता, पण तो तडीस गेला नाही. या तापलेल्या वातावरणात इतिहासकार योसेफ पेकार्झ यांनी इ.स. १९२१ मध्ये एक छोटे पुस्तक लिहून समतोल भूमिका घेतली. आख्यायिका ऐतिहासिक नाही हे मान्य करूनही, सामान्य चेक माणसाने या संतावर मनापासून प्रेम केले आणि त्या प्रेमाला केवळ बाहेरून लादलेले म्हणता येणार नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. या वादात इतके न्याय्य मत क्वचितच कोणी मांडले असेल.

अवशेषांची तपासणी

इ.स. १९७३ मध्ये मानववंशशास्त्रज्ञ एमानुएल व्ल्चेक यांनी अस्थींची वैज्ञानिक तपासणी केली. जीभ म्हणून पूजला गेलेला तुकडा मेंदूच्या ऊतीचा असल्याचे दिसून आले. अस्थींवर जबर मारहाणीच्या खुणाही आढळल्या, म्हणजे आर्चबिशपांच्या तक्रारपत्रातील छळाच्या हकिकतीला दुजोरा मिळाला. तपासणीने आख्यायिकेचा मुख्य पुरावा काढून घेतला आणि त्याच वेळी हुतात्म्याचे दुःख अधिक स्पष्ट केले. कॅथलिक लेखकही आता बहुधा चर्चच्या हक्कांसाठी, कायद्याप्रमाणे वागून, प्राण देणारा अधिकारी असेच त्यांचे वर्णन करतात.

चार्ल्स पुलाच्या कठड्यावर, शरीर जेथून टाकले असे मानतात त्या जागी, पाच ताऱ्यांसह एक क्रूस बसवलेला आहे. मूर्तीच्या चौथऱ्यावरील ब्राँझचे फलक प्रवाशांच्या स्पर्शाने जागोजागी सोन्यासारखे चकाकतात. स्पर्श केल्याने इच्छा पूर्ण होते असे प्रवाशांना सांगण्यात येते; जुन्या भक्तिपरंपरेशी या प्रथेचा फारसा संबंध दिसत नाही. इ.स. १७१५ पासून संताच्या स्मरणदिनाच्या आदल्या संध्याकाळी व्ल्तावा नदीत नौकांवरून संगीताचा उत्सव होत असे. नाव्हालिस नावाचा हा उत्सव अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात बंद पडला होता, इ.स. २००९ मध्ये त्याचे पुनरुज्जीवन झाले असून दरवर्षी १५ मे रोजी कॅथेड्रलमधील उपासनेनंतर मिरवणूक पुलावर येते आणि मग नदीत नौका दिव्यांनी उजळतात.